हपुषेचं पन्हं

मानवी संस्कृतीच्या वाटचालीत हपुषा या वनस्पतीचा वाटा फार मोठा आहे. हिमालयातल्या देवळांत तिचा धूप जळतो, युरोपातल्या थंड मुलखांत तिच्या फळांवाचून शिकारीचं मांस शिजत नाही, आणि आपल्या प्राचीन वैद्यांनी तिचे गुण श्लोकांत बांधून ठेवले आहेत. भाईंदर पश्चिमेला आमच्या बारा बिऱ्हाडांच्या सोसायटीत तिने जे केलं, ते मात्र कोणत्याही ग्रंथात आलेलं नाही. (संबंधित मंडळींनी तशी दक्षता घेतली आहे.)

गोष्ट नव्वदच्या आसपासची. आम्ही गिरगाव सोडून भाईंदरला राहायला आलो त्याला चार वर्षं झाली होती. गिरगावात दोन खोल्या होत्या आणि पाणी होतं. इथे तीन खोल्या होत्या, गॅलरी होती, खाडीचा वारा होता, मुर्धा गावाच्या दिशेला मिठागरांचं मोकळं दृश्य होतं. पाणी नव्हतं. म्हणजे यायचं, पण टँकरने. दिवसाआड, आणि तेही टँकरवाल्याच्या मनात आलं तर. बिल्डरच्या माहितीपत्रकात पाण्यापुढे 'चोवीस तास' असं छापलं होतं. चोवीस तास काय, ते छापलं नव्हतं.

सोसायटीने नव्या नळजोडणीसाठी अर्ज केला होता. तो लिहिला आमचे चेअरमन राजाध्यक्ष यांनी. (हे त्यांचं आडनाव. अध्यक्ष ते नंतर झाले, आडनाव फुकट जाऊ नये म्हणून.) अर्ज अकरा पानी होता. आरंभी संस्कृत श्लोक, मग सोसायटीचा इतिहास, मग 'जल हेच जीवन' या विषयावर चार पानं. एवढ्या धामधुमीत जोडणी किती इंची हवी, तो रकाना भरायचा राहून गेला. अर्ज परत आला, भरून पुन्हा गेला, आणि आता एकच गोष्ट उरली होती: पाणी खात्यातल्या साहेबांची स्थळपाहणी. साहेबांनी येऊन आमची कोरडी अवस्था डोळ्यांनी पाहिली की जोडणी मंजूर! पण आमच्यापुढे इतर इमारतींची भली मोठी रांग होती आणि साहेब एकटे होते.

आणि इथे मी तोंड उघडलं.

सोसायटीच्या बैठकीत मी सहज म्हणाले, "साहेबांच्या मिसेस माझ्या ओळखीच्या आहेत."

ओळख एवढीच होती, की मी शाळेत ग्रंथपाल, त्यांची मुलगी आमच्याच शाळेत सहावीत, आणि मॅडम अधूनमधून लायब्ररीत येऊन पाककृतींची पुस्तकं न्यायच्या. पण बैठकीत इतकं सविस्तर कोण सांगतो?

"ओळखीच्या? आणि हे आत्ता सांगताय?" राजाध्यक्ष उभेच राहिले. "वहिनी, चैत्र चालू आहे. तुमच्याकडे गौर बसलीय. बोलवा त्यांना हळदीकुंकवाला! संध्याकाळी बायकोला न्यायला साहेब येणारच. आले, की आपण त्यांना सोडत नाही!"

टाळ्या पडल्या. माझ्यासाठी सोसायटीत याआधी कधी टाळ्या पडल्या नव्हत्या. माझा नवरा सुधीर कानाशी कुजबुजला, "याला लाच म्हणत नाहीत ना?"

"नाही," मी म्हणाले. "याला हळदीकुंकू म्हणतात."

दुसऱ्या दिवशी मॅडम लायब्ररीत आल्या तेव्हा मी आमंत्रण दिलं. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, "येईन हो. पण खरं सांगू का? पन्ह्याचा अगदी वीट आलाय! जाईन तिथे तेच. गूळ आणि वेलदोडा, गूळ आणि वेलदोडा! तुम्ही एवढं वाचता, तुमच्याकडे तरी काहीतरी वेगळं असेल."

एखाद्या साध्या बाईने हे हसून सोडून दिलं असतं. पण 'तुम्ही एवढं वाचता' हे तीन शब्द मला कुठेही नेऊ शकतात. त्यांनी मला घरी येईपर्यंत थेट हपुषेपर्यंत नेलं.

तर आता हपुषेबद्दल. माझे धाकटे दीर मिलिंदभावजी हिमाचलात सैन्याच्या रस्तेबांधणीत होते. दिवाळीला येताना त्यांनी अर्धा किलोची एक पुरचुंडी आणली होती. काळपट निळी, वाटाण्याएवढी, सुकलेली फळं. "वहिनी, याला तिकडे धूप म्हणून जाळतात. परदेशात स्वयंपाकात घालतात. फक्त गरोदर बाईला द्यायची नाहीत, असं तिकडच्या म्हाताऱ्या बजावतात. तुम्ही बघा काय करता येतं ते." एवढं सांगून ते गेले. मी पाहायला लागले.

पहिला प्रयोग माशांवर. परदेशी लोक ही फळं ठेचून माशाला लावतात असं वाचनात आलं होतं. मी पापलेटाला लावली. तळणीचा वास घरभर सुटला तसा सुधीर डोळे मिटून म्हणाला, "मिलिंदच्या मेसमध्ये एकदा जिन प्यायलो होतो. हुबेहूब हाच वास!"

"बरोबर आहे," मी ज्ञान दिलं. "जिनला वास या फळांचाच असतो."

हे सासूबाईंनी ऐकलं. "दारूची फळं? माझ्या ओट्यावर?"

"आई, आयुर्वेदात आहेत हो. हपुषा."

"मग आधी नाही का सांगायचं!" सासूबाईंचा चेहरा निवळला. "ठेव वर, गंगाजळाशेजारी."

पापलेट मात्र कोणालाच गेलं नाही. उरलेला तुकडा मी मोठ्या हौसेने मुर्ध्याहून मासळी घेऊन येणाऱ्या जनाबाईला चाखायला दिला. तिने एक घास घेतला, थांबली, आणि पाटी डोक्यावर चढवत म्हणाली, "बाय, माज्या मावऱ्यात कायबी खोट न्हाय हां. ह्यो जो वास मारतंय ना, तो तुज्या हाताचा हाय." त्यानंतर पुरचुंडी चार महिने गंगाजळाशेजारी पवित्र होत पडून राहिली.

आता मात्र तिचा दिवस उगवला! मी लायब्ररीतून एक जुना, पिवळ्या पानांचा निघंटू आणला आणि 'हपुषा' काढलं. दीपन, पाचन, वातहर, रुचकर. पान तिथे संपत होतं. मी समाधानाने पुस्तक मिटलं. (गेली पंधरा वर्षं मी मुलांना सांगत आले होते, "पुस्तक अर्ध्यावर मिटू नये. पुढचं पान उलटावं.")

हळदीकुंकवाच्या दिवशी टँकर आला नाही. हा शुभशकुन आहे, असं राजाध्यक्षांनी जाहीर केलं. "साहेबांना अस्सल परिस्थिती दिसेल!" आदल्या दिवशीचं पाणी कसंबसं पुरवत मी पंचवीस बायकांच्या हिशोबाने कैऱ्या उकडल्या, मोठ्या पितळी पातेल्यात गूळ कालवला आणि दोन चमचे हपुषा कुटून टाकली.

आता ज्यांच्या घरी गौर बसते, त्यांना पुढची अडचण कळेल. देवीला नैवेद्य दाखवल्याशिवाय पदार्थ चाखायचा नाही. बोट बुडवून जिभेला लावलं तरी उष्टं! मीठ, तिखट, गोड, सगळं अंदाजाने आणि नाकाने. आमच्या घरात हा नियम इतका कडक, की एका वर्षी आंबेडाळीत मीठच नव्हतं आणि पहिल्यांदा ते देवीला कळलं.

तेव्हा पन्ह्याचा अंदाज नाकाने घ्यायचा होता. आणि सासूबाईंना सर्दी झाली होती.

मी हरभरे निथळत बाहेर बसले होते तेव्हा त्या पातेल्याशी गेल्या. वाकल्या. हुंगलं. काही वास येईना. 'पोरीने हात आखडता घेतला,' असं मनाशी म्हणून त्यांनी पुरचुंडीतून एक मूठ काढली, कुटली आणि टाकली. मला सांगितलं नाही, कारण सुनेचं मन मोडायचं नव्हतं.

मग शेजारच्या हंसाबेन चकल्यांचा डबा द्यायला आल्या. त्यांच्या माहेरचं जडीबुटीचं दुकान. पुरचुंडी उघडी दिसली तशा हरखल्या. "अरे, ये तो हाऊबेर है! माझे पप्पा रोज खायचे, पेट के लिए. कित्ता डाला?"

"एक मूठ," सासूबाई म्हणाल्या.

"इतने बडे पातेले में एकच मूठ? माजी, इसमें कंजूसी नहीं करने का!" आणि हंसाबेननी आपल्या दिलदार हाताने आणखी दोन मुठी टाकल्या.

मी परत आले तेव्हा दोघी पातेल्यावर झाकण ठेवत होत्या. वास जरा जोरकस वाटला. मी म्हटलं, मुरतंय!

पाच वाजता मॅडम आल्या. मोतिया रंगाची साडी, गजरा, चेहऱ्यावर एकोणतिसाव्या पन्ह्याला सामोरं जाणाऱ्या माणसाचं धैर्य. इमारतीतल्या सगळ्या बायका नटूनथटून बसल्या होत्या. देवीला नैवेद्य झाला. मी पहिला पेला मॅडमना दिला.

त्यांनी घोट घेतला. डोळे मोठे झाले.

"अगंबाई! हे काय आहे?"

बारा बिऱ्हाडांचा श्वास रोखला गेला.

"हपुषा," मी शक्य तितक्या सहजपणे म्हणाले.

"काय सुंदर लागतंय हो! आधी आंबट, मग गोड, आणि मग एकदम देवदाराच्या जंगलातून चालल्यासारखं! आणखी द्या बघू!"

तो माझ्या आयुष्यातला परमोच्च क्षण होता. मी निघंटूतले गुण सांगितले. हिमालय सांगितला, युरोप सांगितला. मॅडमनी दुसरा पेला संपवला. त्यांनी घेतला म्हणताच बाकीच्या मागे कशा राहणार? शिवाय आग्रह हा आपला धर्म. त्यातून घरात प्यायचं पाणी जेमतेम तांब्याभर, त्यामुळे कुणीही "जरा पाणी" म्हटलं की सासूबाई तत्परतेने पन्हंच पुढे करायच्या. जोडीला काकडी होती. कलिंगड होतं. फक्त तळमजल्यावरच्या सुषमाला सातवा महिना होता, म्हणून तिच्यासाठी मी आठवणीने वेलदोड्याचं साधं पन्हं वेगळं ठेवलं होतं. त्या संध्याकाळी आमच्या इमारतीत शेवटपर्यंत एका जागी शांत बसून राहिलेली ती एकमेव व्यक्ती.

ठरल्याप्रमाणे बायकांनी पाण्याचा विषय काढला. काय रंगल्या! एक म्हणाली, आम्ही डाळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळतो. दुसरी म्हणाली, भांडी कसली, आम्ही पत्रावळींवर जेवतो! हंसाबेननी तर पदर डोळ्यांना लावला. "मॅडम, भगवान की कसम, घर में एक बूंद नहीं! बूंद मतलब बूंद!"

मॅडम कळवळल्या. "मी ह्यांना सांगते. इतके हाल!"

काम फत्ते झालं होतं. मी मनातल्या मनात नव्या नळाखाली उभी होते.

आणि हंसाबेन उठल्या. "मैं अभी आई हां. गॅसवर दूध ठेवलंय."

पाठोपाठ दुसरी उठली. तिचंही दूध होतं. मग तिसरी. आमच्या इमारतीत त्या वेळी एकाच मुहूर्तावर सात घरांत दूध तापत होतं! जी जायची ती दोन मिनिटांनी प्रसन्न चेहऱ्याने परत यायची, सासूबाई तिला आग्रहाचा पेला द्यायच्या, आणि दहा मिनिटांत तिचं दूध पुन्हा उतू जायला लागायचं.

मला कसलीशी शंका आली. (मुख्यतः अशी, की मलाही दूध पाहायला जावंसं वाटत होतं.) मी आत जाऊन निघंटू उघडला आणि जे आधी करायला हवं होतं ते केलं. पान उलटलं.

पहिलाच शब्द होता 'मूत्रल'. त्याच्या आधी विशेषण होतं, 'प्रबळ'. पुढे लिहिलं होतं, 'मात्रा अत्यल्प असावी.'

"आई," मी सासूबाईंना बाजूला घेतलं. "दोन चमच्यांनी एवढं होईल का हो?"

"दोन चमचे कुठले?" सासूबाई नाक पुसत म्हणाल्या. "मी एक मूठ टाकली. हंसाने दोन. तुझा हात आखडता. आम्ही टाकलं म्हणून तर चव आली."

इतक्यात मॅडम स्वयंपाकघराच्या दारात आल्या. "जरा हात धुवायचे होते."

त्यांना हात धुवायचे नव्हते, हे जगातल्या कुठल्याही बाईला कळलं असतं. संडासात शेवटची बादली होती. सकाळपासून सासूबाई तिच्यावर नागिणीसारखा पहारा देत होत्या. ती मॅडमच्या कारणी लागली. मॅडम बाहेर आल्या, हसल्या, बसल्या. आणि पाव तासाने पुन्हा उठल्या!

"परत जरा हात..."

आता आमच्या घरात थेंब नव्हता. मी त्यांना हंसाबेनकडे घेऊन गेले. दार ठोठावलं, तर आतून हंसाबेनचा आवाज, "एक मिनिट, एक मिनिट!" मॅडमच्या चेहऱ्याकडे बघून मला एक मिनिट परवडणारं नव्हतं. मी दार ढकललं.

हंसाबेनच्या दिवाणखान्यात एक गोल टेबल होतं. त्यावर भरतकामाचं कापड, कापडावर प्लॅस्टिकच्या गुलाबांची फुलदाणी. दोन वर्षं मी त्या टेबलावर चहा पीत आले होते. आता कापड वर उचललेलं होतं, आणि हंसाबेन त्या 'टेबलात' बादली बुडवत होत्या. टेबल नव्हतंच ते! दोनशे लिटरचं पिंप होतं, काठोकाठ भरलेलं!

"ये तो इमर्जन्सी के लिए..." हंसाबेन पुटपुटल्या.

"बूंद?" मॅडम म्हणाल्या. पण त्यांना वाद घालायला वेळ नव्हता. बादली उचलून त्या आत गेल्या.

त्यानंतर लाजलज्जा संपली. निकड माणसाला प्रामाणिक करते. कुणाच्या पलंगाखालून हंडे निघाले, कुणाच्या माळ्यावरून कॅन उतरले. पत्रावळीवर जेवणाऱ्या बाईच्या कपड्यांच्या कपाटात, साड्यांमागे, बारा बाटल्या निघाल्या. जिन्यावर बायका बादल्या घेऊन खालीवर पळत होत्या, गजरे सुटले होते, आणि मॅडम तिसऱ्यांदा बाहेर येऊन हे सगळं बघत उभ्या होत्या.

"वसुधाताई," त्या शांतपणे म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी बरंच आहे की."

गेली लाईन! दोन वर्षांचा अर्ज, अकरा पानं, संस्कृत श्लोक, माझ्या वाट्याच्या पहिल्यावहिल्या टाळ्या, सगळं माझ्या एका पातेल्यात बुडालं! उद्या राजाध्यक्ष विचारतील, 'वहिनी, काय झालं?' आणि मी सांगणार, 'दीपन, पाचन.'

साडेसहाला खाली जीप थांबली. साहेब!

तोवर इमारतीतला लपवलेला थेंबन् थेंब संपला होता. हंसाबेनचं टेबल पोकळ वाजत होतं. राजाध्यक्षांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते दुपारपासून घरात बसून भाषण पाठ करत होते. त्यांनी साहेबांना जिन्यातच गाठलं, हार घातला, नारळ दिला आणि आमच्या दिवाणखान्यात आणून खुर्चीवर बसवलं.

"सूनबाई, साहेबांना पन्हं!" राजाध्यक्षांनी हुकूम सोडला. एरवी मी 'वहिनी' होते; साहेबांसमोर त्यांनी स्वतःला सासऱ्याच्या जागी बढती दिली होती.

"पन्हं नको! म्हणजे चहा टाकते ना," मी घाईने म्हणाले.

"चहाला पाणी कुठून आणायचं?" सासूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या आणि तळाचं, चांगलं मुरलेलं पन्हं साहेबांच्या हातात दिलं. उन्हातान्हात फिरून आलेले साहेब. एका दमात प्याले. "वा! काय आहे हे? अजून आहे का?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी नवऱ्याला सावध करायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात त्यांची निकड बळावली आणि त्या "मी जीपमध्ये बसते" म्हणून थेट जिना उतरल्या.

राजाध्यक्ष उभे राहिले. "जल हेच जीवन!" त्यांनी आरंभ केला.

त्यांनी ऋग्वेदापासून सुरुवात केली. पाऊण तासात ते सिंधू संस्कृतीच्या सांडपाणी व्यवस्थेपर्यंत आले होते. मी साहेबांवर नजर ठेवून होते. आधी त्यांनी खुर्चीत बूड सरकवलं. मग पायावर पाय घातला. मग उलट पायावर पाय घातला. "झुळझुळ वाहणाऱ्या नद्या," राजाध्यक्ष म्हणाले, आणि साहेबांच्या कपाळावर घाम दिसायला लागला. "खळाळणारे निर्झर! कोसळणारे प्रपात!"

"माफ करा," साहेब ताडकन उठले. "जरा बाथरूम बघायचं होतं."

राजाध्यक्षांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांच्या तपश्चर्येचं फळ! त्यांनी भाषणाचे कागद खिशात कोंबले आणि जिन्यात जाऊन गर्जना केली, "दारं उघडा! साहेब पाहणी करताहेत!"

"नाही, पाहणी नंतर, मला फक्त..."

"नंतर कशाला साहेब? आत्ताच! हे बघा," असं म्हणून त्यांनी आमच्या बाथरूमचा नळ पिळला. नळ 'फुस्स' म्हणाला. "थेंब नाही! बादली बघा. कोरडी! चला, पुढचं घर."

साहेबांनी दार लावून घ्यायचा प्रयत्न केला, पण त्यांच्या मागे राजाध्यक्ष आत होते, राजाध्यक्षांच्या मागे सुधीर होता, आणि सुधीरच्या मागे सोसायटीचे सगळे पुरुष ऑफिसातून परतून पाहणी पाहायला जमले होते. त्या छोट्या जागेत, इतक्या साक्षीदारांसमोर, एका सरकारी अधिकाऱ्याला काय करता येणार? ते वळले आणि जवळजवळ पळत शेजारच्या घरात शिरले.

"काय तडफ आहे बघा!" राजाध्यक्ष मागून धावत म्हणाले.

हंसाबेनचं घर. फुस्स. समोरचं घर. फुस्स. साहेब एकेका संडासाचं दार आशेने उघडायचे. आत दुपारपासूनची गर्दी आणि पाण्याचा अभाव यांनी मिळून जे करून ठेवलं होतं, ते बघून पांढरे पडायचे आणि दार लावायचे. बारा घरं! तीन मजले! राजाध्यक्षांनी एकही सोडलं नाही. साहेबांचा वेग मजल्यागणिक वाढत होता आणि बोलणं कमी होत होतं. शेवटच्या घरात त्यांनी दोन्ही हातांनी चौकट धरली आणि विचारलं, "अख्ख्या बिल्डिंगमध्ये, कुठेच, काहीच नाही?"

"काहीच नाही साहेब!" राजाध्यक्षांनी हात जोडले. "आता तुम्हीच सांगा, माणसाने जावं कुठे?"

हा प्रश्न इतक्या कळकळीने साहेबांना बहुधा कुणी विचारला नसावा. त्यांच्या डोळ्यांत पाणी तरळलं. त्या वेळी इमारतीत असलेलं तेवढंच. मग ते एकेक पायरी गाळत जिना उतरले. खाली मॅडम स्वतःच हॉर्न वाजवत बसल्या होत्या. जीप मुर्ध्याच्या रस्त्याने मिठागरांच्या दिशेने जी सुटली, ती क्षणात दिसेनाशी झाली. साहेबांचं घर उलट दिशेला होतं.

"याला म्हणतात कार्यतत्पर अधिकारी!" राजाध्यक्ष म्हणाले.

मी पुढचे पंधरा दिवस लायब्ररीत मॅडम आल्या की कपाटामागे जात होते. सुधीरला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "तू सांगू नकोस, हंसाबेन सांगणार नाहीत, आईला कळलेलंच नाही. अर्ज फेटाळला तर वेदांवर ढकलू."

सोळाव्या दिवशी पत्र आलं. राजाध्यक्षांनी ते बैठकीत उभं राहून वाचलं. 'प्रत्यक्ष स्थळपाहणीच्या वेळी आढळून आलेली अत्यंत तीव्र निकड विचारात घेता, सदर इमारतीस नवीन नळजोडणी तातडीची बाब म्हणून मंजूर करण्यात येत आहे.'

काय जल्लोष झाला! राजाध्यक्षांना शाल, श्रीफळ देण्यात आलं. महिनाभरात पाइप आला, खणलं, जोडलं. पाइपाशेजारी भिंतीवर संगमरवरी पाटी लागली: 'श्री. राजाध्यक्ष यांच्या अथक प्रयत्नांतून.' त्यांनी फीत कापली आणि नदीवर थोडं बोलले. पाण्यासाठी आणखी कुणी काही केलं असेल, तर त्याचाही उचित गौरव व्हावा, असा मुद्दा तेव्हा सुधीरने नको इतक्या मोठ्या आवाजात उपस्थित केला. हंसाबेननी लगेच माझं नाव सुचवलं. सभा एकमताने माझ्याकडे वळली.

पाणी रोज येतं, नेमाने, पहाटे अडीच ते तीन. तेव्हा उठून व्हॉल्व्ह सोडायचा मान, आणि त्याची चावी, माझ्याकडे असते.